डीमिटरला भेटायचंय? मग सुगीला नको, पेरणीला जा

डीमिटर म्हटलं की सगळीकडे एकच ओळ वाचायला मिळते, ग्रीकांची सुगीची देवी, हातात गव्हाच्या ओंब्या, संपलं. मीही तेच डोक्यात घेऊन पहिल्यांदा जून महिन्यात अथेन्सजवळच्या एलेफसीनाला, म्हणजे जुन्या एल्युसिसला गेले होते. सुगी नुकतीच आटपलेली असणार, म्हणजे हाच बरोबर सीझन, असा माझा हिशोब. रणरणत्या उन्हात दोन तास दगडांमधून फिरले आणि परत आले, काही म्हणजे काही पोचलं नाही. घरी येऊन तिच्या सणांचे महिने एका कागदावर मांडले तेव्हा कळलं की चूक कुठे झाली, तिचे मोठे सण जवळजवळ सगळे पेरणीच्या तोंडावर येतात. दुसऱ्यांदा नोव्हेंबरमध्ये गेले आणि तेच दगड वेगळे दिसले. तर हे त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावरून लिहितेय, ज्या क्रमाने मी आता कुणालाही करायला सांगेन त्या क्रमाने.

सगळ्यात आधी तिथलं शेतीचं कॅलेंडर डोक्यात बसवा, पुराणकथा नंतर. ग्रीसमध्ये उन्हाळा कोरडा ठाक असतो, पाऊस पडायला लागतो ऑक्टोबरच्या आसपास, तेव्हा नांगरणी-पेरणी, आणि गहू-जव कापायला येतात मे-जूनमध्ये. ज्यांच्या घरी रब्बीचा गहू होतो त्यांना हे सांगायलाच नको, साधारण तसंच चक्र आहे, फक्त आपल्या गव्हाला विहिरीचं, कॅनॉलचं पाणी द्यावं लागतं आणि त्यांचं पीक हिवाळी पावसावर येतं. आता त्यावर सण मांडा. एल्युसिसचे मोठे गूढविधी, म्हणजे डीमिटर आणि तिच्या मुलीची दीक्षा घेण्याचे गुप्त सोहळे, बोएड्रोमिऑन महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. लगेच पुढच्या प्यानोप्सिऑन महिन्यात प्रोएरोसिया, ज्याचा अर्थच 'नांगरणीच्या आधीचं', आणि त्याच महिन्यात बायकांचा थेस्मोफोरिया. सुगीचा सण नव्हताच असं नाही, थालिसिया होता, पण भार सगळा पेरणीकडे. मला हे पटतं कारण धान्य खळ्यावर आलं की भीती संपलेली असते, भीती असते ती कोठीतलं चांगलं खाण्याजोगं बी उचलून मातीत टाकताना. हेसिओड हा ग्रीक कवी शेतकऱ्याला सांगतो की नांगराच्या मुठीला पहिल्यांदा हात घालशील तेव्हाच देवांचा राजा झ्यूसची आणि डीमिटरची प्रार्थना कर. नांगर धरताना, विळा धरताना नाही.

मग कथा वाचा, पण कुठल्यातरी साईटवरचा दहा ओळींचा सारांश नको. डीमिटरचं जुनं स्तोत्र आहे, 495 ओळींचं, होमरच्या नावावर चालतं पण होमरने लिहिलेलं नाही, साधारण इ.स.पू. 7व्या-6व्या शतकातलं. हे हरवल्यातच जमा होतं, 1777 मध्ये मॉस्कोत एक हस्तलिखित सापडलं म्हणून आज आपल्याला वाचता येतं, ते हस्तलिखित आता नेदरलँड्सच्या लायडनमध्ये आहे. इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात, एका बैठकीत तासाभरात वाचून होतं.

वाचताना तिघा-चौघा देवांच्या नात्यात अडकू नका, डीमिटर काय काय करते तेवढंच बघा. पोरगी पर्सेफोनी फुलं तोडताना गायब होते, पाताळाचा राजा हेडीस तिला उचलून नेतो, बापाची म्हणजे झ्यूसची त्याला संमती असते आणि आईला कुणी सांगतच नाही. नऊ दिवस ती हातात मशाली घेऊन फिरते, खाणं नाही पिणं नाही आंघोळ नाही. सूर्य तिला खरं काय ते सांगतो, मग ती देवांची संगत सोडून म्हातारीच्या वेषात एल्युसिस गावात येऊन विहिरीपाशी बसते, ऑलिव्हच्या झाडाच्या सावलीत. आणि तिथे राजाच्या चार मुली पितळी कळश्या घेऊन पाण्याला येतात. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, कारण पाणवठ्यावर पोरी एका अनोळखी म्हातारीला विचारतात की आजी तू कुठली, गावात का नाही आलीस, घराघरात तुझ्या वयाच्या बायका आहेत की, त्या तुला मायेनं वागवतील. देवी आहे हे त्यांना माहीतही नाही. घरी नेल्यावर ती चांगल्या आसनावर बसत नाही, इआम्बी नावाची दासी साध्या स्टुलावर लोकरीचं कातडं टाकून देते त्यावर बसते, पदर तोंडावर ओढून गप्प. इआम्बी काहीबाही थट्टा करून तिला हसवते. वाईन दिली तर नको म्हणते, आणि जवाचं पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती एकत्र करून मागते, त्या पेयाचं नाव कुकेऑन. पुढे त्या घरातलं तान्हं बाळ ती सांभाळते, रात्री गुपचूप विस्तवात धरून त्याला अमर करत असते, आई बघते आणि किंचाळते, तिथे सगळं मोडतं. मग ती खऱ्या रूपात येते, देऊळ बांधून घेते, त्यात बसून राहते आणि पृथ्वीवर एक दाणा उगवू देत नाही. बैल नांगर ओढतायत, पांढरं जव मातीत पडतंय आणि वर काही येत नाही. शेवटी झ्यूसला माघार घ्यावी लागते. पोरगी परत येते, पण पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो म्हणून वर्षाचा एक तृतीयांश भाग तिला खाली जावंच लागतं.

हे एवढं लांबवून सांगितलं कारण एल्युसिसला दीक्षा घेणारे लोक हेच सगळं स्वतः करायचे, उपास, मशाली, कुकेऑन, वाटेतली थट्टा. कथा वाचलेली नसेल तर पुढचं काहीच लागणार नाही.

आता घरबसल्या करता येण्यासारखी गोष्ट, कुकेऑन करून बघा. जव आणा, म्हणजे सातू, पण दुकानात सातूचं पीठ म्हणून जे तयार पाकीट मिळतं त्यात बरेचदा गहू आणि डाळं असतं ते नको, नुसते जवाचे दाणे घ्या. मंद आचेवर खमंग भाजा, जाडसर दळा, अगदी वस्त्रगाळ नको. ग्लासभर गार पाण्यात दोन मोठे चमचे पीठ आणि ताज्या पुदिन्याची पाच-सात पानं हाताने चुरगळून. हे प्रमाण माझं, स्तोत्रात प्रमाण दिलेलं नाही. मूळ वनस्पती पेनीरॉयल होती, ती मुद्दाम शोधत बसू नका, तिचं तेल लिव्हरला घातक असतं आणि गरोदरपणात तर अजिबात चालत नाही, आपला पुदिना बरा. एक गोष्ट लगेच दिसेल, दोन मिनिटं ठेवलं की पीठ खाली बसतं आणि वर नुसतं पाणी, म्हणून सारखं ढवळत प्यावं लागतं. कुकेऑन या शब्दाचा अर्थच ढवळलेलं असा, आणि हेराक्लिटस या तत्त्वज्ञाचं एक वाक्य टिकून आहे की ढवळलं नाही तर कुकेऑनसुद्धा फाटून वेगळं होतं. दिवसभर काही न खाता संध्याकाळी प्यायले तेव्हा चव वगैरे विचारात न घेता पूर्ण ग्लास संपवला, पोटाला धरून राहतं.

याच पेयावरून एक थिअरी फार फिरते, की जवावरच्या बुरशीमुळे त्यात नशा असायची आणि रात्रीचे चमत्कार म्हणजे त्या नशेचा परिणाम. बुरशी म्हणजे अरगट, आपल्याकडे बाजरीवर पडतो त्याच जातकुळीतला. ही कल्पना 1978 मध्ये पुस्तकरूपात आली आणि तेव्हापासून चालूच आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या वाचनात हिच्यामागे लागू नका, कारण मग माणूस फक्त ग्लासात काय होतं एवढंच शोधत बसतो आणि आई-मुलीची सगळी कथा बाजूला पडते.

प्रत्यक्ष जाणार असाल तर थेट एलेफसीनाला पळू नका, पहिला दिवस अथेन्सच्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियमला द्या. एल्युसिसला सापडलेलं मोठं शिल्प तिथे आहे, इ.स.पू. 440-430 च्या सुमाराचं, दोन मीटरपेक्षा उंच. डावीकडे डीमिटर राजदंड घेऊन, उजवीकडे पर्सेफोनी मशाल घेऊन, मधे एक उघडा पोरगेलासा ट्रिप्टोलेमस, ज्याने पुढे जगाला गहू पेरायला शिकवलं असं मानतात. डीमिटरचा हात नीट बघा, ती त्याला काहीतरी देतेय आणि ते आता दगडात दिसत नाही, बहुतेक सोन्याच्या ओंब्या वेगळ्या बसवलेल्या असाव्यात. समोर उभं राहिल्यावर रिकामा चिमटीचा आकार तेवढा उरलेला दिसतो. त्याच म्युझियममध्ये निन्निऑनची मातीची पाटी आहे, निन्निऑन नावाच्या बाईने वाहिलेली, लहानशी वस्तू आहे, घाईत सुटते, तीही शोधा.

दुसऱ्या दिवशी सुरुवात केरामेइकॉसपासून, म्हणजे अथेन्सच्या जुन्या दफनभूमीच्या भागापासून करा. तिथे जुन्या तटबंदीत पवित्र दरवाजा आहे आणि त्यातून निघणारा पवित्र मार्ग, साधारण 21 किलोमीटर, एल्युसिसपर्यंत. बोएड्रोमिऑनच्या 19-20 तारखेला हजारो लोक या रस्त्याने चालत जायचे, त्याआधी प्रत्येकाने आपलं डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात आंघोळ केलेली, पिल्लाचीही आणि स्वतःचीही. बाई-पुरुष, मालक-गुलाम, कुणीही चालायचं, अटी दोनच, हाताला खुनाचं पाप नको आणि ग्रीक भाषा कळायला हवी. केफिसॉस नदीच्या पुलावर लोक थांबून मिरवणुकीतल्या मोठ्या माणसांची जाहीर टिंगल करायचे, नाव घेऊन, आणि ते ऐकून घ्यायची पद्धत होती. तिथे इआम्बी आठवा.

आजही त्या रस्त्याचं नाव इएरा ओडोस म्हणजे पवित्र मार्गच आहे, पण आता तो ट्रॅफिकचा शहरी रस्ता आहे, वर्कशॉप, शोरूम, ट्रक. पूर्ण चालायचा हट्ट करू नका. केरामेइकॉसपासून अर्धा-पाऊण तास चाला म्हणजे पायाला दिशा कळेल, मग मेट्रोने आगिया मारिना स्टेशन, तिथून एलेफसीनाची बस, नंबर आणि वेळा आदल्या दिवशी चेक करा, साईटच्या सुट्टीचा वार पण. वेळ असेल तर मधे डाफ्नीचा मठ आहे, 11व्या शतकातली मोझेक, युनेस्कोच्या यादीत 1990 पासून.

एलेफसीना बघून आधी थोडं वाईट वाटेल हे सांगून ठेवते. रिफायनरी, शिपयार्ड, जुनी सिमेंटची चिमणी, खाडीत गंजलेली जहाजं. 2023 मध्ये हे गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हापासून लोक जरा जास्त यायला लागलेत. पण ज्या सपाट मैदानात पहिल्यांदा धान्य पेरलं असं ग्रीक मानायचे ते रारिऑन मैदान याच भागात, याचं भान ठेवून चाला.

आत शिरलं की घाई न करता आधी मोठ्या दरवाज्याच्या बाहेरची विहीर बघा, कल्लिखोरॉन, सुबक घडीव दगडांची. एल्युसिसच्या बायकांनी देवीसाठी पहिला फेर इथे धरला असं पॉसानिअस हा प्रवासी लिहून गेलाय. पुढे चढावर उजव्या हाताला उथळ गुहा आहे ती प्लूटोनिऑन, पाताळाची वाट. मधे लहान दरवाजा, रोमन माणूस अप्पिउस क्लाउडिउस पुल्खर याने नवस बोलून बांधायला घेतलेला, त्याचा लॅटिन लेख असलेले दगड तिथे पडलेत, आणि त्यावर जवळ जाऊन बघा, गव्हाच्या ओंब्यांच्या पेंढ्या कोरल्यात, दाणा न् दाणा, कुसळ न् कुसळ. मी त्या दगडापाशी सगळ्यात जास्त वेळ बसले.

मग टेलेस्टेरिऑन. इतर ग्रीक देवळं बाहेरून बघायची असतात, लोक अंगणात आणि देव आत, हे उलटं आहे, हजारो लोकांनी आत बसायचं दालन. बाजू साधारण 51-52 मीटर, 42 खांब, आणि कडेने डोंगराच्या खडकातच कोरलेल्या पायऱ्या ज्यावर लोक बसत, पार्थेनॉनचा आर्किटेक्ट इक्टिनॉसचंही नाव या कामाशी जोडलेलं आहे. पायऱ्या अजून आहेत, बसून बघा. आत काय व्हायचं हे लिहिण्याची परवानगी कुणालाच नव्हती, फोडलं तर मृत्युदंड. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सचा सेनापती अल्किबिआडीसवर आरोप आला की त्याने घरच्या पार्टीत या विधींची नक्कल केली, त्याची सगळी मालमत्ता जप्त होऊन विकली गेली. पॉसानिअसने तर स्पष्टच लिहिलंय की भिंतीच्या आतलं वर्णन करू नको असं स्वप्न पडलं, म्हणून करत नाही. एका ख्रिस्ती लेखकाने नंतर लिहिलं की शेवटी शांततेत कापलेली एक ओंबी दाखवत असत, तो विरोधक होता त्यामुळे जपून घ्या, पण मला ते खोटं वाटत नाही. अंधार, उपाशी पोट, दिवसभराची चाल, हजारो माणसं गप्प, आणि समोर एक ओंबी. शेतीवर जगणाऱ्या माणसाला आणखी काय दाखवायचं? रोमन वक्ता सिसेरोने लिहिलंय की इथून माणूस आनंदाने जगायला आणि चांगल्या आशेने मरायला शिकून जातो.

या दालनाशी एका भारतीयाचाही संबंध आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. रोमन सम्राट ऑगस्टसकडे भारतातून एक वकिलात गेली होती, इ.स.पू. 20 च्या सुमारास, तिच्याबरोबरच्या झार्मारस नावाच्या माणसाने या देवींची दीक्षा घेतली, ऑगस्टससाठी विधी वेळ सोडून भरवले होते तेव्हा, आणि नंतर अथेन्समध्येच अग्निप्रवेश केला. इतिहासकार डिओ हे सांगतो, भूगोलकार स्ट्राबो त्याच्या समाधीवरचा लेख देतो, त्यात गाव बार्गोसा लिहिलंय, ते बहुतेक आपलं भरुच.

बायकांनी, आणि खरं तर शेती करणाऱ्या प्रत्येकाने, थेस्मोफोरिया वेगळा काढून वाचावा. प्यानोप्सिऑनच्या 11 ते 13, तीन दिवस, पुरुषांना प्रवेश नाही, घरदार सोडून बायका एकत्र राहायच्या. दुसऱ्या दिवशी जमिनीवर बसून कडक उपास, तिसरा दिवस कल्लिगेनिया, म्हणजे सुंदर जन्म. आणि मुख्य काम असं, आधी खड्ड्यांमध्ये डुकराची पिल्लं टाकलेली असायची, ती कुजल्यावर तीन दिवस शुद्ध राहिलेल्या बायका खाली उतरून ते वर काढायच्या, खाली साप असतात म्हणून वरच्या बायका टाळ्या वाजवायच्या. ते वेदीवर ठेवायचं आणि ज्याला पाहिजे त्याने आपल्या बियाण्यात मिसळायचं, पीक चांगलं येतं म्हणून. ऐकायला अंगावर येतं, पण कुजलेलं पेरणीच्या वेळी मातीत घालणं म्हणजे काय हे खत वाहणाऱ्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. उपसणाऱ्या बायकांना नावच 'उपसणाऱ्या' होतं.

देवीला काय वाहायचं हे विचारणाऱ्यांसाठी, दोन पक्की उदाहरणं. इ.स.पू. 5व्या शतकातला अथेन्सचा दगडी लेख सांगतो की पिकातला पहिला वाटा एल्युसिसला पाठवा, जवाचा 600 वा भाग, गव्हाचा 1200 वा, म्हणजे गरिबालाही परवडेल इतका. आणि दक्षिण ग्रीसमधल्या फिगालियाच्या गुहेत काळी डीमिटर होती, मुलीच्या दुःखात काळं नेसलेली, तिथे पॉसानिअसने स्वतः द्राक्षं, मधाचं पोळं आणि न कातलेली लोकर ठेवून वर तेल ओतलं, प्राणी नाही मारला.

एल्युसिसचे विधी बंद पडले ते रोमन सम्राट थिओडोसिअसच्या इ.स. 392 च्या बंदीनंतर, 396 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने उरलंसुरलं संपवलं. तरी नोव्हेंबरचंच तिकीट काढा म्हणते त्याचं कारण वेगळं. टेलेस्टेरिऑनच्या वर टेकाडावर एक छोटं चॅपल आहे, पानागिया मेसोस्पोरीतिसा, म्हणजे अर्ध्या पेरणीची माता मेरी. 21 नोव्हेंबर तिचा सण, आदल्या संध्याकाळी गावातल्या बायका ब्रेड आणि पोलिस्पोरिया घेऊन वर येतात, उकडलेले गहू, हरभरे, घेवडे, असली मिसळ, पाद्री आशीर्वाद देतो आणि वाटतात. ही डीमिटरचीच पूजा अखंड चालत आली असं मी म्हणणार नाही, पण जागा तीच आणि हंगाम तोच. थंडी होती, खाली रिफायनरीचे दिवे लागलेले, एका आजीने माझ्या हातात कागदी कप ठेवला, कोमट गहू आणि वर डाळिंबाचे दाणे. भाषा येत नव्हती, ती फक्त खा खा अशी खूण करत राहिली. तिथे गेलात तर कुणी दिलं तर नाही म्हणू नका, आणि गर्दीत चढताना टॉर्च ठेवा, दगड निसरडे असतात.

ग्रीसला जाणं जमत नसेल आणि यूकेमध्ये राहत असाल तर केंब्रिजचं फिट्झविल्यम म्युझियम गाठा, तिकीट नाही. लहान दरवाज्यावरच्या डोक्यावर पेटी घेतलेल्या दोन स्त्री-मूर्तींपैकी एक एल्युसिसच्या म्युझियममध्ये आहे, दुसरी इथे. 1801 मध्ये एडवर्ड क्लार्क नावाच्या इंग्रजाने ती उचलून नेली तेव्हा ती गावात शेणखताच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेली होती, लोक तिला डीमिटर समजून मानायचे आणि ही गेली तर पिकं जातील म्हणून अडवत होते. नेणारं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालं, मूर्ती मात्र काढली. चेहरा पार झिजलाय, पण डोक्यावरच्या पेटीकडे बघा, ओंबी अजून ओळखू येते.